हातांच्या भाषेत माझं नाव

हे सांगायचं मी एक्केचाळीस वर्षं टाळलं. बायकोला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही. निवृत्त झालो तेव्हा शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागितल्या होत्या. तीन पानं लिहून दिली. त्या तीन पानांत एकही वाक्य खोटं नाही. तरी ती पानं खोटी आहेत, कारण त्यात हे नाही.

माझं वय अडुसष्ट. साताऱ्यात राहतो. कुणी विचारलं तर सांगतो, सांगलीला कर्णबधिर मुलांच्या शाळेत होतो, शेवटी मुख्याध्यापक. लोक म्हणतात, फार पुण्याचं काम केलंत. मी मान खाली घालतो. त्यांना तो माझा विनय वाटतो.

सुरुवात आरशापासून करतो.

मला नोकरी लागली सव्विसाव्या वर्षी. आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. बाप गावकीची कामं करायचा, आई दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जायची. मी बी. ए. झालो, मग पुण्यात राहून बहिऱ्या मुलांना शिकवायचा एक वर्षाचा कोर्स केला. शाळेच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. सांगलीतल्या जुन्या, मानाच्या घरातल्या. मुलाखतीत त्यांनी माझं आडनाव वाचलं. मग गाव विचारलं. मग गावात घर कुठं, तेही विचारलं.

"ओढ्याच्या पलीकडं," मी म्हणालो.

त्या "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता.

शाळेत वाचा-वर्ग नावाची एक खोली होती. एका भिंतीला भलामोठा आरसा. आरशापुढं बुटका बाक. मूल त्या बाकावर बसायचं, शिक्षक शेजारी. शिक्षकाचे ओठ आरशात बघून मुलानं तसे ओठ हलवायचे. श्वासाचे आवाज शिकवायला पातळ कागदाची पट्टी असायची. पट्टी तोंडापुढं धरायची. आवाज बरोबर आला की कागद हलतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला तेवढंच समजतं, की हलला, म्हणजे जमलं.

तिसऱ्या दिवशी मी मुलांना चेंडू दाखवून वाक्य सांगत होतो. दारातून आवाज आला, "थांबा."

मोठ्या बाई.

"आत्ता काय म्हणालात?"

"हा चेंडू आहे."

"तसं नाही म्हणालात. 'हाय' म्हणालात. बसा इथं."

बुटक्या बाकावर. माझे गुडघे छातीला लागले. समोर आरसा, आरशात मी, माझ्यामागं चौदा मुलं. बाईंनी कागदाची पट्टी माझ्या तोंडापुढं धरली.

"म्हणा. आहे. कागद हलला पाहिजे."

माझं तोंड कोरडं पडलं होतं. कागद हलला नाही.

"पुन्हा."

पुन्हा नाही हलला. बाई चिडल्या नाहीत. त्या कधीच चिडत नसत. मुलाला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी बाई होती ती. शांतपणे म्हणाल्या, "राग मानू नका. पण या मुलांना मी तुमच्यासारखं बोलायला शिकवू शकत नाही. ती समाजात जायची आहेत."

मी जिथून आलो होतो ती जागा समाजात धरलेली नव्हती.

महिनाभर रोज प्रार्थनेनंतर दहा मिनिटं मी त्या बाकावर बसलो. पदवीधर माणूस, तोंडापुढं कागद. मुलं खिडकीतून बघायची. एक दिवस त्यांच्यातली एक पोरगी पुढं आली. तिनं आपला तळहात तोंडापुढं पट्टीसारखा लोंबता धरला, गाल फुगवले, डोळे बाहेर काढले आणि फुंकलं. तळहात जागचा हलला नाही. तिनं घाबरून बाईंच्या जागेकडं बघितलं, पुन्हा फुंकलं. पोरं हसून लोळायची बाकी राहिली.

हुबेहूब मी.

ती सगुणा. दहा वर्षांची, तासगावकडच्या खेड्यातली. बाप फौजेत, शेती आई बघायची. छातीवर पट्ट्यांनी बांधलेलं डबीएवढं श्रवणयंत्र, त्याच्या दोन वायरी दोन कानांत, दोन वेण्यांना तांबड्या फिती. आज वाटतं, त्या शाळेत माझे हाल नीट पाहिले ते फक्त तिनं. आणि सांगितलेही तिनंच, तिच्या भाषेत. तेव्हा मला ते दिसलं नाही. मला फक्त हसणारी पोरं दिसली.

त्या काळात शाळेत हाताच्या खुणांना बंदी होती. आमच्याच नाही, बहुतेक शाळांत. मूल खुणा करायला लागलं की बोलायचा आळस करतं, अशी समजूत. कोर्समध्येही आम्हाला हेच शिकवलेलं. वर्गात मुलांनी दोन्ही तळहात मांडीखाली घालून बसायचं. तरी मधल्या सुट्टीत चिंचेखाली त्यांचे हात सुटायचे. एक पोरगं पहाऱ्यावर असायचं. शिक्षक येताना दिसला की ते जमिनीवर जोरात पाय आपटायचं. त्याचा हादरा पोरांच्या तळपायांना कळायचा आणि सगळे हात एकदम खाली जायचे. कुणीतरी येतंय म्हणून गप्प होणारी माणसं मी गावात पाहिली होती. आमची माणसं. ते मला आठवायला हवं होतं.

मी उलटं केलं. बाईंचा राग बाईंवर काढायची माझी ऐपत नव्हती. तो मी खाली उतरवला. हातावर पट्टी मारणारा, चिंचेमागं लपून बसणारा, मांडीखाली हात आहेत का ते वाकून बघणारा, सगळ्यात कडक शिक्षक मी झालो. माझं बोलणंही सुधारलं. सहा महिन्यांत कागद हलायला लागला. बाई म्हणाल्या, "बघा, मनावर घेतलं की होतं." मला आनंद झाला. तोही इथं लिहून ठेवतो.

दुसऱ्या वर्षी शाळेचं स्नेहसंमेलन होतं. देणगीदार येणार होते. हळदीचे व्यापारी, कारखान्याचे संचालक, एक पुढारी. प्रत्येक मुलानं स्टेजवर जाऊन माइकमध्ये एक वाक्य म्हणायचं. मुकी पोरं बोलतात, हे पाहुण्यांनी ऐकायचं. तयारी माझ्याकडं होती.

सगुणाचं वाक्य होतं, "माझे नाव सगुणा आहे." तिला ते येत होतं. पण म्हणताना तिचे हात आपोआप उठायचे. हात उठले की आवाज निघायचा. हात दाबले की आवाजही अडायचा.

सकाळी बाईंनी मला बाजूला घेतलं. "पाहुण्यांना माकडचेष्टा दाखवायच्या नाहीत. त्या सगुणेचे हात जरा आवरा. तुमचं कायम करायचं पत्र माझ्या टेबलावर आहे."

बांधा, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते माझं डोकं.

पडद्याच्या मागं मी तिच्या डाव्या वेणीची फीत सोडली. तिचे हात पाठीमागं घेतले, मनगटावर मनगट ठेवलं आणि फितीनं बांधलं. वरून खांद्यावर ओढणी सोडली. आधी तिला खेळ वाटला. ती हसली. मग तिनं हात ओढून बघितले. मग माझ्याकडं बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. जिला बोलता येत नव्हतं तिला मी गप्प बस म्हणालो.

ती माइकपुढं गेली. तोंड उघडलं. "मा," म्हणाली. पुढचं येईना. खांदे हलत होते, दंड हलत होते. ओढणी घसरायला लागली. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं असावं, तिला ते दिसलं. ती वळली आणि पायऱ्यांकडं पळाली. माइकच्या वायरीत पाय अडकला.

पडणारा माणूस आधी हात पुढं करतो. तिला ते करता आलं नाही. तीन पायऱ्या खाली, तोंडावर.

मी सगळ्यात आधी पोचलो. लोकांना वाटलं, मास्तर पोरीला उचलायला धावले. मी आधी गाठ सोडली. फीत खिशात घातली. मग उचललं. तिचे वरचे दोन दात पडले होते, खालचा ओठ हनुवटीपर्यंत फाटला होता. मिरजेला नेऊन टाके घातले.

बाईंनी तिच्या मनगटावरचे वळ पाहिले. मला काही विचारलं नाही. नोंदवही पुढं सरकवली. "नोंद तुम्हीच करा. तुमच्या अक्षरात."

मी लिहिलं. मुलगी हट्टी व बेशिस्त आहे. कार्यक्रमात पळताना स्वतःच्या चुकीने पडली. बोलण्याची इच्छा नाही. वाचा-शिक्षणास अपात्र. पालकांनी तिला घरी न्यावे, अशी शिफारस आहे.

खाली सही. दोन ठिकाणी "आहे" होतं, दोन्ही ठिकाणी शुद्ध. पंधरा दिवसांनी मी कायम झालो.

चौथ्या दिवशी तिची आई तिला न्यायला आली. बाई भेटल्या नाहीत, मला पाठवलं. व्हरांड्यात पत्र्याची पेटी, पेटीवर सगुणा, तोंडाला पट्टी. आईनं पदर तोंडाला लावला होता.

"मास्तर, कशी वो पडली?"

"पळत होती."

"लय पळती. घरी बी आसंच. पर आवं, बोलाया शिकंल म्हणून आणली व्हती. आता कुटं न्यायची हिला?"

तेवढ्यात सगुणा पेटीवरून उतरली. आईपुढं उभी राहिली. दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी ठेवली आणि गाठ आवळल्यासारखा हिसका दिला. मग माझ्याकडं बोट केलं. आईला कळलं नाही. तिनं पुन्हा केलं. मनगटं, हिसका, बोट. पुन्हा. तिचे डोळे आईच्या तोंडावरून हलत नव्हते.

आईनं मला विचारलं, "मास्तर, ही काय म्हणतीया?"

त्या व्हरांड्यात ती खूण कळणारा मी एकटा होतो.

"निघाली ना आज," मी म्हणालो. "मला नमस्कार करते आहे."

शब्द स्वच्छ आले. पुढं कागद धरला असता तर हलला असता.

"व्हय? मग आसा लांबनं का गं?" आई म्हणाली. "पाया पड मास्तरांच्या." आणि तिनं पोरीच्या मानेवर हात ठेवून तिला खाली वाकवलं. सगुणा ताठ झाली. आईनं जोर लावला. तिचं कपाळ माझ्या चपलेला लागलं. पट्टीतून थोडं रक्त आलं.

मग त्या एस.टी.साठी निघाल्या. सगुणा आईच्या चार पावलं मागं चालत होती.

मी काय केलं ते मला नंतर कधीतरी उमगलं, असं म्हणायची सोय मी घेणार नाही. मला त्याच क्षणी कळलं होतं.

पुढं मी कुणाचे हात बांधले नाहीत. पण "हात मांडीखाली" म्हणत राहिलो. बाई वारल्या, मी मुख्याध्यापक झालो, नोंदवह्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं आली. नऊ वर्षं किल्ली माझ्याकडं होती. ते पान मी एकदाही उघडलं नाही.

आता या वर्षाचं.

काळ बदलला. आता हातांच्या भाषेतूनच शिकवायचं, असं धोरण आलं. जून महिन्यात शाळेनं नव्यानं रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी मेळावा ठेवला, माजी विद्यार्थ्यांनाही बोलावलं आणि माझा सत्कार ठेवला. पत्रात लिहिलं होतं, खुणांची भाषा शिकवायला एक कर्णबधिर बाई मानधनावर नेमल्या आहेत, त्यांचाही कामाचा पहिला दिवस आहे. नाव नव्हतं. मी साताऱ्याहून सकाळच्या गाडीनं गेलो.

पुढच्या रांगांत नवे शिक्षक होते. पंचविशीची पोरं-पोरी, नवे कपडे, मांडीवर कोऱ्या वह्या. मी तसाच आलो होतो एके दिवशी. मागच्या रांगांत माजी विद्यार्थी, सगळ्यांचे हात चालू. अध्यक्ष म्हणजे मोठ्या बाईंचे भाचे. माझ्या खांद्यावर शाल घालून ते माइकवर म्हणाले, "सर इथं आले तेव्हा त्यांना स्वतःला धड बोलता येत नव्हतं, बरं का. 'हाय, न्हाई' असं चालायचं. आमच्या आत्यानं त्यांना या मुलांबरोबर आरशापुढं बसवलं, तोंडापुढं कागद धरला. आज बघा. संस्था माणूस घडवते ती अशी."

सभागृह हसलं. प्रेमानं हसलं. मीही हसलो. अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा त्या बुटक्या बाकावर बसलो आणि हसलो.

मग नव्या बाईंना बोलावलं. हिरवी साडी, पन्नाशी ओलांडलेली. त्यांच्याबरोबर त्यांची ऐकू-बोलू येणारी मुलगी, मनीषा. आई हातांनी सांगणार, ही तोंडानं. बाई वळल्या तेव्हा खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंतचा व्रण दिसला.

सगुणा.

 

तिचे हात उठले. मनीषा बोलू लागली. "आई म्हणतीया, ह्याच शाळेनं मला सांगितलं, हात खाली ठेव. आता तीच शाळा म्हणतीया, हात वर कर, त्याचा पगार घे. मोठ्या माणसांचं काय खरं नसतंय." मागच्या रांगांत हात हवेत हलले, ती त्यांची टाळी. "आई म्हणतीया, माझी शाळा तिसरीत सुटली. मला लिवता-वाचता येत न्हाई. पर हात मला येत्यात. ते मी शिकवीन."

मग ती माजी विद्यार्थ्यांकडं वळली आणि स्टेजवर कोण कोण आहे ते भराभर सांगू लागली. हे त्यांचं आपसातलं होतं, मनीषानं ते तोंडानं सांगितलं नाही. अध्यक्षांची खूण केली, मिशीला पीळ. मागं सगळे हसले. मग माझ्याकडं हात केला.

दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी. एक हिसका.

मागच्या चार रांगांनी माना डोलावल्या. हां, ते. ओळखलं. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला नाव असतं तसं ते नाव होतं. ज्यांना मी शिकवलं, ज्यांची लग्नं जुळवली, ज्यांच्या नोकऱ्यांसाठी चिठ्ठ्या दिल्या, ती सगळी माणसं एकमेकांत मला एक्केचाळीस वर्षं या नावानं ओळखत होती. आणि ऐकू येणाऱ्या पुढच्या रांगांना त्यातलं काहीच कळलं नाही.

फोटोवाला आला. सगुणाचे हात अजून चालू होते. अध्यक्ष मनीषाला म्हणाले, "अगं, आईला सांग, जरा हात आवर म्हणावं. फोटोत चेहरे झाकले जातात."

हात आवर. तेच शब्द. त्याच घरातून.

मी उठलो. शाल काढली, घडी घालून टेबलावर ठेवली. माइक ओढला.

"फोटू नगं," मी म्हणालो. "आदी ऐका. ह्या बाईचं हात म्या बांधलं व्हतं. हितंच, पडद्याच्या मागं, तिच्याच फितीनं. ती पळताना पडली न्हाई. हात बांधलं म्हणून तोंडावर पडली. वहीत मी लिवलंय, पोरगी हट्टी हाय, अपात्र हाय. ते खोटं हाय. माज्या हातचं हाय."

चाळीस वर्षं पुसून काढलेली भाषा एका श्वासात परत आली. मी ती आणली नव्हती. दुसऱ्या भाषेत हे निघालंच नसतं.

अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्ही भावुक झालात. बसा. अरे, सरांना पाणी द्या."

"न्हाई बसत," मी म्हणालो. "ह्या शाळंत मी लय बसलो."

पुढच्या रांगेतल्या नव्या पोरांपैकी कुणीही वहीत काही लिहीत नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी सगुणाकडं बघितलं. ती मनीषाकडं बघत होती, भुवया वर करून विचारत होती, काय म्हणतोय हा? मागच्या चारही रांगा मनीषाकडंच बघत होत्या.

मनीषाचे हात खाली होते. 

म्हणजे ऐकू येणाऱ्या सगळ्यांना कळलं. जिला कळायला हवं होतं ती सोडून.

नंतर व्हरांड्यात मी मनीषाला गाठलं. तोच व्हरांडा. सगुणा आत पोरांना काहीतरी शिकवत होती, खिडकीतून दिसत होतं.

"बाळ, तू आईला सांगितलं नाहीस."

"न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "आज तिचा कामाचा पहिला दिवस हाय. आठ दिवस झोपली न्हाई ती आनंदानं. तुमचं ओझं आज उतरलं, बरं झालं. पर तिच्या डोक्यावर कशाला ठेवू?"

सभागृहात दिलेला पाण्याचा पेला अजून माझ्या हातात होता.

"आणि हात बांधल्यालं तिला ठाऊकच हाय की," मनीषा म्हणाली. "ते काय नवं न्हाई. तुमची खूण तीच हाय. का हाय ते मला आज कळलं. तिला तुमच्यापेक्षा आज्जीचा राग जास्त. आज्जी गेली तवा बी ही लांब उभी राहिली. तोंडात पाणी घालाया पुढं आली न्हाई. म्हणायची, मी आईला सगळं सांगितलं, तीन येळा सांगितलं, आणि आईनं मला त्याच्याच पायावर घातलं."

माझ्या हातातला पेला खाली पडला नाही. मी तो नीट कठड्यावर ठेवला. हे लक्षात आहे.

"आज्जीला कळलं नव्हतं," मी म्हणालो. "आज्जीनं मला विचारलं होतं, ही काय म्हणते. मी सांगितलं, नमस्कार करते."

मनीषानं खिडकीतून आईकडं बघितलं.  मग म्हणाली, "हे मी सांगितलं तर आई म्हणंल, पोरगी आज्जीची बाजू घेतीया. तिला पटायचं न्हाई. हे तुमच्याच हातानं कळाया पायजे. शिका. शिकून सांगा."

"चिठ्ठी लिहून..." मी म्हणालो आणि थांबलो.

"तिला वाचता येत न्हाई," मनीषा म्हणाली. "का, ते तुमाला ठाऊक हाय."

मी संस्थेला पत्र दिलं की त्या नोंदवहीतला माझा शेरा माझ्या सहीनं रद्द करायचा आहे. उत्तर आलं, जुनं दप्तर सापडत नाही. दप्तर कुठल्या कपाटात, कुठल्या कप्प्यात आहे ते मला माहीत आहे. दर महिन्याला एक पत्र देतो. ते पान उघडेपर्यंत देणार. टेबलावर ठेवलेली शाल त्यांनी घरी पाठवली, मी परत केली, ती पुन्हा माझ्याकडं आली. पुन्हा पाठवली.

आणि दर शनिवारी साताऱ्याहून सांगलीला जातो. सगुणाबाईंच्या वर्गात नव्या शिक्षकांबरोबर बसतो. आरसा अजून त्या भिंतीला आहे. माझी बोटं ताठ झालीत, दोन बोटं वळतच नाहीत. पोरं आठवड्यात शिकतात ते मला महिना लागतो. बाई मला वेगळं वागवत नाहीत. चुकलं की माझं मनगट धरून हात बरोबर जागी नेतात. मला मनगट धरलेलं सहन होत नाही. मी ते सहन करतो. हजेरी हातांनीच होते. माझी पाळी आली की त्या मनगटावर मनगट ठेवून हिसका देतात, आणि मी हात वर करतो. हजर.

नाव बदलून घ्यायचं नाही, हे ठरलंय. ते मी कमावलेलं आहे. माफी मिळावी म्हणूनही जात नाही. ती द्यायची की नाही हा त्यांचा प्रश्न. एका आईवर मी घातलेला आळ मला काढायचा आहे. ती आई आता नाही. तिची मुलगी आहे, आणि मी अजून आहे. हे लेखन ऐकू येणाऱ्या, वाचता येणाऱ्या माणसांसाठी आहे. याला मी कबुली म्हणत नाही. कबुली तिथं, त्या वर्गात, हातांनी द्यायची आहे.

अकरा शनिवार झाले. लागतात ते सगळे शब्द आता मला येतात. मागच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मी थांबलो. बाई खिडक्या लावत होत्या. वळून त्यांनी भुवया उंचावल्या, काय? मी बाकावर बसलेलो होतो. हात उचलायला गेलो आणि पाहिलं, तर माझे दोन्ही तळहात माझ्याच मांडीखाली होते. त्या थोडा वेळ थांबल्या. मग पिशवी उचलून गेल्या.

येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहे. नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. सांगायचं फार नाही. तुम्ही आईला बरोबर सांगितलं होतं. तिनं मला विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. तुमच्या आईला कळलंच नव्हतं, सगुणाबाई.